तुम्ही काय तर दाबलाव बघा

‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. बँकेचा एसएमएस तेच सांगतो, कॉलेजातल्या सायबर जनजागृतीच्या फ्लेक्सवर तेच असतं, आणि मध्यंतरी तर कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन तेच ऐकवायचे. वाक्यात चूक काही नाही. ‘रस्ता जपून ओलांडा’ यातही चूक नाही. पण गावाच्या मधून हायवे काढायचा, स्पीडब्रेकर घालायचा नाही, दिवे लावायचे नाहीत आणि माणूस गाडीखाली गेला की ‘जपून ओलांडायचं ना’ म्हणायचं, याला सल्ला म्हणत नाहीत. याला हात झटकणं म्हणतात. घरच्या संगणकात व्हायरस शिरतो तेव्हा आपण सगळे नेमकं हेच करतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर वळसंगला, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. सुट्टीला गावी गेलो की चहा व्हायच्या आत कुणीतरी येतं, ‘आमचं जरा बघ की रे’. मी बॅकएंडचा कोड लिहितो, हार्डवेअरचा माझा संबंध नाही, हे आजवर कुणाला पटलेलं नाही. आयटीत आहे म्हणजे संगणकाचा डॉक्टर आहे. त्यामुळे गेल्या पाच-सहा वर्षांत गावातले बरेच घरगुती संगणक मी उघडून पाहिलेत. किराणा दुकानाचं टॅली असलेले, स्पर्धा परीक्षावाल्या पोरांचे, टायपिंगच्या सरावाचे, झेरॉक्सवाल्यांचे. त्यातून माझं एक मत झालंय आणि ते मी इथे भांडून मांडणार आहे: या संगणकांना व्हायरस मालकाच्या बेसावधपणामुळे लागत नाही. तो लागेल अशाच अवस्थेत ते मालकाला विकलेले असतात.

गावातल्या एका फोटोग्राफरचं उदाहरण देतो. मी त्यांना अण्णा म्हणतो. लग्नं, डोहाळजेवणं, जावळ, शाळेचं गॅदरिंग, सगळं त्यांच्याकडे. घरातच पुढच्या खोलीत स्टुडिओ, तिथेच संगणक. एके सकाळी त्यांनी फोल्डर उघडलं तर एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला मागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल: तुमच्या फाइल्स कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर, बहात्तर तासांत संपर्क केला तर निम्मे. ही चिठ्ठी मला ओळखीची होती. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं हे रॅन्समवेअर. मोठ्या कंपन्यांच्या मागे ते लागत नाही, ते घरगुती संगणकच गाठतं, आणि त्याचा मुख्य रस्ता म्हणजे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर. जुन्या काही प्रकारांसाठी एम्सीसॉफ्ट या कंपनीने २०१९ साली फुकट किल्ली काढली होती. अण्णांचा प्रकार त्यानंतरचा निघाला.

अण्णांनी बॅकअप ठेवला होता, असं ते म्हणाले. कुठे? डी ड्राइव्हवर. ‘सी उडाला तरी डी राहतो’ हे आपल्याकडचं संगणकाचं लोकज्ञान आहे, आणि ते विंडोज पुन्हा टाकण्यापुरतं खरंही आहे. पण सी आणि डी म्हणजे एकाच कपाटाचे दोन कप्पे. चोर कपाट उघडून आत आला की खालचा कप्पा सोडून देत नाही.

संगणक जिथून घेतला त्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने फायलींची नावं पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, “तुम्ही काय तर दाबलाव बघा, अण्णा.” अण्णांनी ते लगेच मान्य केलं. पुढचे कित्येक महिने ते गिऱ्हाइकांना तेच सांगत होते, माझ्याकडनंच काय तर दाबलं गेलं. त्यात एक बाई नवऱ्याचा फोटो मोठा करून घ्यायला आलेल्या. पुतण्याच्या लग्नात काढलेला, फेटा बांधलेला. बाकी कुठला चांगला फोटो नव्हता म्हणे.

अण्णांनी काय दाबलं होतं ते मी नंतर शोधून काढलं. त्यांनी काहीच दाबलेलं नव्हतं. अल्बम डिझाइनचं एक सॉफ्टवेअर दुकानातल्याच पोराने घरी येऊन टाकून दिलं होतं, पेनड्राइव्हवरून. ते चोरीचं होतं. ते चालू व्हावं म्हणून त्याने विंडोजचं स्वतःचं संरक्षण, म्हणजे डिफेंडर, बंद केलं होतं आणि बंदच ठेवलं होतं. खुद्द विंडोजही चोरीचंच होतं. बिलावर मात्र ओळ होती: ‘सॉफ्टवेअर लोडिंग, ५०० रुपये’. म्हणजे अण्णांनी पैसे मोजले होते, पावती घेतली होती, आणि पावती घेऊन चोरीचा माल घरी आणला होता हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे मला नेहमी ऐकायला मिळतं, की लोकांनाच सगळं फुकट हवं असतं. अर्धं खरं आहे. पण उरलेलं अर्धं बघा. वापरलेला डेस्कटॉप आमच्याकडे बारा-तेरा हजाराला मिळतो आणि विंडोज होमची खरी प्रत दहा हजारांच्या आसपास. हे गणित कुठल्याही गरीब माणसाला चोरीकडे ढकलणारं आहे. आणि यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट अशी, की यातल्या पुष्कळ संगणकांना चोरीची गरजच नसते. कंपन्यांनी टाकून दिलेले डेल, एचपी, लेनोव्होचे जे संगणक आपल्याकडे सेकंडहँड म्हणून येतात, त्यातल्या विंडोज ८ च्या काळापासूनच्या अनेक यंत्रांत लायसन्सची किल्ली मदरबोर्डमध्येच बसवलेली असते. कंपनीने कधीच पैसे भरलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून साधं विंडोज उतरवून टाकलं तर ते अनेकदा आपोआप खरं ठरतं. पण दुकानातला पोरगा खिशातल्या पेनड्राइव्हवरचं, आधीच क्रॅक करून ठेवलेलं विंडोज टाकतो, कारण त्यात सगळी सॉफ्टवेअर एकदमच येतात आणि वीस मिनिटांत काम होतं. गिऱ्हाइकाची हक्काची वस्तू काढून त्याजागी चोरीची बसवायची आणि त्याचे पाचशे रुपये घ्यायचे. गावाकडे शेळी घेऊन कुत्रं देणाऱ्याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

क्रॅक आणि व्हायरस यांचं नातं आजचं नाही. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानतात तो ‘ब्रेन’, १९८६ सालचा, आपल्या शेजारच्या लाहोरचा. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी वैद्यकीय सॉफ्टवेअर लिहिलं होतं, लोक त्याच्या चोरून कॉप्या काढत होते, म्हणून त्यांनी हा प्रकार केला. कोडमध्ये स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता, लस हवी असेल तर आम्हाला भेटा म्हणून. तेव्हा व्हायरसवाला निदान पत्ता तरी देत होता. आता क्रॅकच्या आतच माल भरलेला असतो. विंडोज आणि ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारं केएमएसपिको नावाचं साधन आपल्याकडे कुठल्याही झेरॉक्सवाल्याला माहीत असतं. रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं, की त्याच्या नावाने फिरणाऱ्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट पसरतोय. हा क्रिप्टबॉट ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो. साधन चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना सोबत असतेच. चोराने कुत्रं बांधून ठेवायला सांगावं आणि आपण बांधावं, तसं.

बरं, ‘जनजागृती’ने काही होतं का? मला एक गोष्ट सांगू द्या, जी कुठल्याच कार्यशाळेत सांगत नाहीत. ज्यांनी पेनड्राइव्हचे दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल, सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायचे. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, ही विंडोजची सोय होती, ऑटोरन नावाची. व्हायरस त्यावरून फिरत होते. अनेक वर्षं लोकांना सांगितलं गेलं, पेनड्राइव्ह स्कॅन करा, शिफ्ट दाबून उघडा, अमुक करा, तमुक करा. काडीचा फरक पडला नाही. मग फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणि व्हिस्टासाठी एक अपडेट सोडलं आणि ही सोय पेनड्राइव्हपुरती बंद करून टाकली. त्याच वर्षी काही महिन्यांत त्यांनी जाहीर केलं, की एक्सपीवरची लागण आदल्या वर्षाच्या तुलनेत निम्म्याहून जास्त घटली, व्हिस्टावर त्याहूनही जास्त. त्या काही महिन्यांत जगातले लोक अचानक शहाणे झाले होते का? माणसं तीच होती, पेनड्राइव्ह तेच होते. बटण बदललं होतं.

तसंच वर्ड-एक्सेलच्या मॅक्रोचं. ईमेलवरून आलेल्या फाइलमध्ये ‘एनेबल’ दाबू नका, हे १९९९ च्या मेलिसा व्हायरसपासून सांगून झालं. शेवटी २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिसने स्वतःच अडवायला सुरुवात केली आणि हल्लेखोरांना दुसरे रस्ते शोधावे लागले. तेवीस वर्षं भाषणं झाली, काम केलं एका डीफॉल्टने.

आणि अजून न बदललेलं एक बटण. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा मेल जगभर फिरला. त्यातल्या जोडणीचं पूर्ण नाव शेवटी ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असं होतं. पण विंडोज फाइलच्या नावातला शेवटचा तुकडा लपवतं, त्यामुळे लोकांना ती साधी टेक्स्ट फाइल दिसली. उघडली की प्रोग्रॅम सुरू. आज पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय आणि नव्या कोऱ्या विंडोज ११ मध्येही तो शेवटचा तुकडा लपवलेलाच असतो. तुम्ही स्वतः जाऊन सेटिंग बदलल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे फाइलचं खरं नाव तुमच्यापासून लपवायचं आणि वर ‘फाइल ओळखून उघडा’ म्हणायचं. हीच युक्ती आता मोबाइलवर आलीय, लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवायची. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यातून अशाच पत्रिकेमुळे जवळपास एक लाख नव्वद हजार रुपये गेल्याच्या बातम्या होत्या. बातमीखाली लोकांनी त्यालाच हसून घेतलं. ज्या राज्यात पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवून ‘हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे’ म्हणायची पद्धत पडलीय, तिथे पत्रिका उघडणारा माणूस मूर्ख कसा?

माझ्या स्वतःच्या ऑफिसच्या लॅपटॉपचं सांगतो. हिंजवडीत मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, तरी त्या लॅपटॉपवर मला स्वतःच्या मर्जीने एकही सॉफ्टवेअर टाकता येत नाही. यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह घेत नाही. अपडेट आलं की पुढे ढकलता येतं, पण दोनदाच, तिसऱ्यांदा ते स्वतःच होतं. माझा डेटा रात्री आपोआप दुसरीकडे जातो. कंपनी माझ्यावर विश्वास ठेवत नाही आणि ती अगदी बरोबर आहे, कारण कंपनीला माहीत आहे, की हजार माणसांत रोज कुणीतरी चुकणारच. कंपनी चूक गृहीत धरते आणि चुकीने कमीत कमी नुकसान व्हावं अशी मांडणी करते. म्हणजे अभियांत्रिकीची पदवी घेऊन आठ तास संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला सावधपणाच्या भरवशावर सोडत नाहीत. आणि वळसंगच्या फोटोग्राफरने मात्र स्वतःच स्वतःचा सायबर सुरक्षा अधिकारी व्हायचं.

मोठ्यांचं काय होतं ते पुण्यानेच पाहिलंय. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून ९४ कोटींहून जास्त रुपये पळवले गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, वर जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले. १९०६ सालची बँक, माणसं नेमलेली, ऑडिट होणारं. तरी झालं. त्याआधी जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्कच्या टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. तेव्हा एकाही वर्तमानपत्राने ‘बंदराने काय तर दाबलं’ असं लिहिलं नाही. ‘अत्याधुनिक सायबर हल्ला’ असं लिहिलं. मोठी संस्था बळी पडते तेव्हा हल्ला असतो, लहान माणूस बळी पडतो तेव्हा हलगर्जी असते.

हा फक्त शब्दांचा खेळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचा. खात्यातून परस्पर पैसे गेले आणि दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य. चांगला नियम आहे. पण नुकसान ‘ग्राहकाच्या हलगर्जीमुळे’ झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. दोष सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे हेही त्यात लिहिलंय, पण काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला ते कोण सांगतो? त्याला विचारतात, तुम्ही कुठे क्लिक केलं होतं का? आणि तो वर्षानुवर्षं ऐकलेल्या वाक्यामुळे स्वतःच म्हणतो, हो, केलं असेल. संपलं. जनजागृतीचा खरा उपयोग इथे होतो. बळी स्वतःच कबुलीजबाब देतो. म्हणून सांगतो, पैसे गेले तर आधी १९३० ला फोन, मग बँकेला लेखी, आणि आपण काय दाबलं असेल याचे तर्क कागदावर उतरवायचे नाहीत. पाहिलं तेवढंच लिहायचं.

अँटीव्हायरस घ्या, हा दुसरा मंत्र. मराठी माणसाला त्याचा थोडा अभिमानही आहे, आणि तो रास्त आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी क्विक हील उभं केलं, २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. डॉसच्या आणि विंडोज ९८ च्या दिवसांत अशा सॉफ्टवेअरशिवाय गत्यंतर नव्हतं. पण विंडोज ८ पासून डिफेंडर आतच येतो, आणि घरच्या साध्या वापराला तो पुरतो. माझी हरकत अँटीव्हायरसला नाही, तो ज्या संगणकावर बसवतात त्याला आहे. चोरीच्या विंडोजवर विकत घेतलेला अँटीव्हायरस मी वळसंगमध्ये किमान चार ठिकाणी पाहिलाय. दाराला सात लिव्हरचं कुलूप, आणि दार बनवणाऱ्या सुताराकडे मागच्या खिडकीची किल्ली.

शिवाय अँटीव्हायरस हेही शेवटी सॉफ्टवेअरच. ई-स्कॅन या भारतीय अँटीव्हायरसची अपडेट्स विना-एन्क्रिप्शन येत होती. हल्लेखोरांनी मधल्या वाटेवर ती अडवून बदलली आणि अँटीव्हायरसच्याच हाताने मालवेअर आत पोचवलं. एप्रिल २०२४ मध्ये अव्हास्टने हे सगळं प्रसिद्ध केलं, भोक त्याआधी २०२३ मध्ये बुजवलं गेलं होतं. त्या संगणकांच्या मालकांनी काय वेगळं करायला हवं होतं? त्यांनी तर अँटीव्हायरस घेतला होता, अपडेटही ठेवला होता.

मराठीतून काम करणाऱ्यांची आणखी एक गोची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. गुगलचं मराठी टायपिंगचं ऑफलाइन साधन आठवतंय? गुगलने विंडोजसाठी ते देणं कधीच बंद केलं. पण ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत सगळ्यांना त्याचीच सवय लागलेली. मग लोक शोधतात, आणि कुठल्यातरी ब्लॉगवर, तीन खोट्या ‘डाउनलोड’ बटणांच्या गर्दीत चौथं खरं बटण शोधून ते उतरवतात. कुणी बनवलेलं पॅकेज आहे, आत काय आहे, देव जाणे. फाँटचं तेच, टायपिंगच्या परीक्षेच्या सराव सॉफ्टवेअरचं तेच. मातृभाषेत अर्ज लिहायचा तर आधी अनोळखी लिंकवर क्लिक करा, अशी व्यवस्था. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तुम्ही इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप केलं की देवनागरी उमटते. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा जोडायची, एक पैसा नाही. गावात मी ज्यांना दाखवला त्यातल्या एकालाही तो माहीत नव्हता. शासनाच्या मराठी भाषा पंधरवड्यात कवितावाचनाच्या जोडीला एवढं एक दाखवलं तरी चालेल.

आणि सरकारी पोर्टलं. डिजिटल सहीचं डोंगल चालवायला एका पोर्टलची मदत-पुस्तिका आमच्या चुलत्यांनी मला पाठवली होती. पायरी तिसरी: जुनी जावा टाका. पायरी पाचवी: पॉपअप ब्लॉकर बंद करा. पायरी सहावी: अडचण आल्यास अँटीव्हायरस तात्पुरता बंद करा. तो पुन्हा चालू करा, अशी सातवी पायरी नव्हती. ज्या शासनाचा सायबर विभाग दाराला कडी लावा म्हणतो, त्याच शासनाचं दुसरं खातं कडी काढल्याशिवाय अर्ज घेत नाही.

आता ताजं संकट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्यानंतर सापडणारी भोकं आपोआप बुजणार नाहीत. विंडोज ११ वर जा म्हणतात, पण त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर. आमच्या गावातले बहुतेक डेस्कटॉप तिसऱ्या-चौथ्या पिढीचे. ठणठणीत चालतात, फक्त कागदावर म्हातारे झालेत. मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट्स द्यायची योजना काढली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर त्यांचे रिवॉर्ड पॉइंट जमवा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी भांडण काढलं आणि तिकडच्या लोकांना यातली कुठलीही अट न घालता ते वर्ष मिळालं, फक्त मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन ठेवायचं. आपल्या राज्यात ग्राहक चळवळ पन्नास वर्षांची आहे, वजनात मारलेल्या डाळीसाठी आपण भांडतो. पण अपडेट हाही माल आहे आणि तो कमी भरतोय, हे अजून आपल्या ध्यानात आलेलं नाही.

मग मी गावात काय करतो? फार थोडं. ज्यांचं काम ब्राउझर, मराठी टायपिंग आणि प्रिंटपुरतं आहे त्यांना लिनक्स मिंट टाकून देतो. लिनक्स अवघड, हे मला शहरातलेच लोक सांगतात. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकतायत, आणि आम्ही एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज आणि ऑफिस म्हणजेच संगणक असं शिकलो. टॅली किंवा फोटोशॉपशिवाय ज्यांचं चालत नाही, त्यांचं विंडोज पुसून खरं टाकतो, ते वाढीव वर्ष जोडून देतो आणि दोन खाती करतो. एक ॲडमिनचं, पासवर्डसह, जे सॉफ्टवेअर टाकतानाच उघडायचं. दुसरं रोजच्या कामाचं, बिनअधिकाराचं. ब्राउझरला जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, कारण ती खोटी डाउनलोड बटणं जाहिरातीच असतात. फाइलचं पूर्ण नाव दिसेल असं बटण. आणि डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाचं एक कुलूप आहे. अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोटो-कागदपत्रांना हात लावू देत नाही, अगदी अण्णांवर आलेल्या प्रसंगासाठीच बनवलेलं. २०१७ पासून विंडोजमध्ये आहे आणि तेव्हापासून मुळात बंद ठेवून दिलेलं आहे. कधी कधी ते चांगल्या सॉफ्टवेअरलाही अडवतं, तेवढं सांभाळून घ्यावं लागतं.

बॅकअपला बाहेरची हार्डडिस्क. आठवड्यातून एकदा लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात. लावून ठेवली तर तिचाही डी ड्राइव्ह होतो.

यातलं एकही काम कोणत्याही संगणक दुकानाला अर्ध्या तासापेक्षा जड नाही. म्हणून गेल्या दिवाळीत अण्णा नवा संगणक घ्यायला निघाले तेव्हा मीही सोबत गेलो, दुसऱ्या दुकानात. मी दुकानदाराला एवढंच म्हणालो, की बिलावर विंडोजचं नाव आणि लायसन्सचा प्रकार लिहून द्या, आणि डिफेंडर चालू असल्याचं लिहून द्या. तो आधी हसला. मग म्हणाला, असं कुणी मागत नाही. अण्णा खुर्चीवरून उठलेच नाहीत. दोन चहा झाले. शेवटी त्याने आतल्या पोराला हाक मारली, “ओरिजिनल टाक बे ह्यांना,” आणि पोराने विचारलं, “मग डिफेंडर?”